आंकड्यांचा प्रतिध्वनि

विजापूरच्या गोलघुमटांत गेलेला प्रवासी तेथील सज्जांत उभा राहून एकदां तरी टाळी वाजविल्यावांचून परत येत नाहीं. महंमद आदिलशहाच्या या कबरीवरील घुमटाखालीं एकच टाळी अनेक वेळां उमटते, आणि भिंतीशीं केलेली कुजबूज पलीकडच्या बाजूस उभ्या असलेल्या माणसाच्या कानीं स्पष्ट पडते. आवाज तोच असतो. परंतु त्याला जागा मिळाली कीं त्याचें रूप पालटतें. गवयांना हें चांगलें ठाऊक असतें. देवळाच्या सभामंडपांत लावलेला षड्ज आणि गालिचे-पडद्यांनीं भरलेल्या दिवाणखान्यांत लावलेला षड्ज हे एकाच गळ्यांतले असले, तरी ऐकणाऱ्याच्या दृष्टीनें एक नव्हेत.

घुमट मात्र उचलून नेतां येत नाहीं. शिवाय ज्या वाद्याचा आवाज हवेंत जन्मासच येत नाहीं, विद्युत्प्रवाहाच्या रूपानें निघून तारेंतून थेट ध्वनिक्षेपकापर्यंत पोंचतो, त्याच्या वांट्याला ना देऊळ येतें ना दिवाणखाना. अशा वाद्याला जागा द्यावयाची तर ती मुद्दाम निर्माण केली पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ही जागा प्रथम पोलादी पत्र्यांतून व फितींतून, आणि अखेर निव्वळ आंकड्यांतून कशी निर्माण झाली, आणि ती मॉड्यूलर सिंथेसायझर नांवाच्या वाद्यांत येऊन कशी बसली, हा इतिहास उद्बोधक आहे. त्यांत पदार्थविज्ञान आहे, व्यापार आहे, आणि ज्ञानाची मालकी कोणाची, हा एक जुना प्रश्नहि नव्या रूपानें उभा राहिलेला आहे.

मॉड्यूलर सिंथेसायझर हें पेटीसारखें किंवा सतारीसारखें एकसंध वाद्य नव्हे. तो सुट्या विद्युत्-खंडांचा संच असतो. या प्रत्येक खंडाला मॉड्यूल म्हणतात. एक मॉड्यूल ध्वनिलहर निर्माण करतें, दुसरें ती गाळतें, तिसरें तिचा जोर कमी-अधिक करतें. त्यांना एकमेकांशीं जोडणाऱ्या तारा वादक स्वतःच्या हातानें लावतो, आणि संच वाजूं लागला म्हणजे त्याचें दर्शन जुन्या टेलिफोन-एक्स्चेंजमधील फळ्यासारखें होतें. कोणती तार कोठें लावावी याचा कायमचा नियम नाहीं. वाद्याची रचना हाच वादनाचा पहिला भाग होय.

असा संच अमेरिकेंत १९६३-६४ च्या सुमारास, परस्परांपासून हजारों मैल दूर असलेल्या दोन ठिकाणीं जन्मास आला. न्यूयॉर्क राज्यांतील ट्रुमन्सबर्ग या लहानशा गांवीं रॉबर्ट मूग यांनीं हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्यानें १९६४ सालीं आपलीं पहिलीं मॉड्यूलें तयार केलीं. तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमधील मॉर्टन सबॉटनिक व रामॉन सेंडर यांच्या सांगण्यावरून डॉन बुक्ला यांनीं आपला संच घडविला. दोघांच्या कामामागें एक समान कल्पना होती. बटणावरचा वादकाचा हात जें काम करतो, तेंच काम दुसऱ्या मॉड्यूलमधून येणाऱ्या व्होल्टेजकडून करवून घ्यावें, ही ती कल्पना. मूग यांच्या पद्धतींत एक व्होल्ट वाढला कीं स्वर एक सप्तक वर चढतो. स्वरच काय, पण आवाजाचा जोर, त्याचा गोडवा, त्याचा कंप, हें सर्वच अशा अदृश्य हातांनीं हलवितां येऊं लागलें. यापुढील सर्व इतिहास समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. कारण या वाद्यांत प्रवेश मागणाऱ्या प्रत्येक नव्या साधनाला एकाच कसोटीस उतरावें लागलें: तें व्होल्टेजचा हुकूम मानतें कीं नाहीं?

या संचांतील सर्वांत नांवाजलेलें मॉड्यूल म्हणजे फिल्टर, अर्थात् गाळणी. तंबोऱ्याची तार छेडली असतां मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे सूक्ष्म स्वरांशहि उमटतात, आणि जवारी नीट बसली कीं तेच अधिक तेजानें ऐकूं येतात. सिंथेसायझरची मूळ लहर अशा स्वरांशांनीं खच्चून भरलेली असते. फिल्टर त्यांपैकीं एका मर्यादेवरचे अंश अडवितो व खालचे जाऊं देतो. ही मर्यादा हळूहळू वर नेली तर मिटलेलें तोंड उघडत जावें तसा आवाज खुलतो. मूग यांनीं या कामीं ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक मांडल्या व प्रत्येक पायरीवर एकेक कंडेन्सर बसविला. या रचनेचें पेटंट त्यांना २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं मिळालें. त्याचा क्रमांक ३४,७५,६२३. शिडीच्या माथ्यावरून निघालेला आवाज उलटा करून पुन्हां तिच्या पायथ्याशीं सोडला, तर मर्यादेजवळचे स्वरांश उठून दिसूं लागतात, आणि हा परतीचा फेरा वाढवीत नेला तर फिल्टर स्वतःच शीळ घालूं लागतो. तशीच शिडी एका प्रतिस्पर्धी कारखान्यानेंहि वापरली, आणि मूग यांच्या कंपनीनें हरकत घेतल्यावर त्यांस आपली रचना बदलावी लागली. तथापि पेटंटचा एक गुण असा कीं त्यांत रचना सर्वांसमोर मांडावी लागते. मुदत संपली कीं ती शिडी कोणीहि उभारावी. आणि पुढें ती जगभर उभारली गेलीहि.

भारतांत हें वाद्य फार उशिरां आलें असें नाहीं. १९६९ सालींच अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्यानें मूग यांचा संच उभा राहिला, आणि गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई प्रभृतींनीं त्यावर प्रयोग केले. १९६९ ते १९७२ या काळांत मुद्रित झालेल्या त्या फितींतील निवडक रचना अर्ध्या शतकानंतर, २०२३ सालीं, लोकांपुढें आल्या.

त्या काळीं कोणत्याहि देशांतील अशा स्टुडिओला घुमारा हवा असेल तर मार्ग मोजकेच होते. एक स्प्रिंगचा. हॅमंड ऑर्गनमधून प्रसिद्धीस आलेली ही युक्ति म्हणजे आवाजाचे हेलकावे स्प्रिंगच्या एका टोकास देऊन दुसऱ्या टोकास परत घेणें. मूग यांच्या संचांतहि स्प्रिंगचें एक मॉड्यूल असे. दुसरा मार्ग पत्र्याचा. जर्मनींतील ई.एम.टी. या कारखान्यानें १९५७ सालीं विक्रीस आणलेल्या यंत्रांत सुमारें दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा पोलादी पत्रा टांगलेला असे, आणि चौकटीसह त्याचें वजन अडीचशें किलोहून अधिक भरे. तिसरा मार्ग फितीचा. आवाज फितीवर लिहावयाचा आणि थोड्या अंतरावर पुन्हां वाचावयाचा. या साधनांनीं उत्तम ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. परंतु स्प्रिंगची जागा स्प्रिंगएवढीच राही. दिवाणखान्याचा सभामंडप व सभामंडपाचा घुमट, तोहि गाणें चालू असतां आणि व्होल्टेजच्या इशाऱ्यावर, हें लोखंडाला साधण्याजोगें नव्हतें.

त्या दिशेचें एक पाऊल हॉलंडमध्यें पडलें. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेंतील सँगस्टर व टेअर या दोघां संशोधकांनीं १९६९ सालीं अशी रचना पुढें मांडली कीं, जींत विद्युद्भार एका कंडेन्सरमधून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असा सरकत जातो. आग विझविण्यासाठीं माणसें ओळीनें उभीं राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढें देतात, त्यावरून या रचनेला ‘बादल्यांची रांग’ असेंच नांव पडलें. बादल्या देण्याचा वेग बदलला कीं आवाज लवकर किंवा उशिरां बाहेर पडतो, आणि हा वेग व्होल्टेजनें बदलतां येतो. येथें विलंबानें प्रथमच व्होल्टेजचा हुकूम मानला. मात्र प्रत्येक हातबदलांत थोडें पाणी सांडावें त्याप्रमाणें आवाज क्षीण होई आणि त्यांत खरखर मिसळे. लांब विलंब हवा तर रांगहि लांब, आणि सांडहि अधिक.

आंकड्यांनीं या अडचणीवर मात केली. ध्वनिलहर म्हणजे क्षणोक्षणीं बदलणारें व्होल्टेज. तें सेकंदांतून कित्येक हजार वेळां मोजावें, प्रत्येक मापाचा आंकडा टिपून ठेवावा, आणि शेवटीं त्या आंकड्यांवरून पुन्हां व्होल्टेज बनवावें. आंकडा कितीहि वेळां हातोहात गेला तरी सांडत नाहीं. मग प्रतिध्वनि म्हणजे काय? तर टिपलेले आंकडे कांहीं वेळानें पुन्हां वाचणें. आणि फिल्टर म्हणजे काय? आतांचा आंकडा व त्याच्या मागचा आंकडा यांची सरासरी काढली, तर झपाट्यानें होणारे बदल सपाट होतात व सावकाश होणारे बदल तसेच राहतात; म्हणजेच उंच स्वरांश गाळले जातात. एवढीच सर्वांत साधी गाळणी. लोखंडाच्या युगांत प्रतिध्वनि व फिल्टर या दोन वस्तु होत्या. एकीला पत्रा लागे तर दुसरीला ट्रान्झिस्टर. आंकड्यांच्या राज्यांत मात्र दोन्ही एकच ठरल्या: थोडी स्मृति आणि थोडी बेरीज. विलंब दीर्घ असेल तर त्यास प्रतिध्वनि म्हणावें, अत्यल्प असेल तर फिल्टर.

या ऐक्याचा उपयोग करून कृत्रिम घुमारा निर्माण करण्याचें श्रेय मान्फ्रेड श्रोडर या जर्मन पदार्थवैज्ञानिकाकडे जातें. अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत काम करीत असतां त्यांनीं १९६१ व १९६२ सालीं यासंबंधीं निबंध प्रसिद्ध केले. नुसता विलंब परत-परत फिरविला तर पत्र्याच्या डब्यांत बोलावें तसा आवाज येतो, कारण कांहीं स्वरच तेवढे उठून दिसतात. श्रोडर यांनीं निरनिराळ्या लांबीचे कांहीं फेरे शेजारीं-शेजारीं ठेवले, आणि त्यांच्यापुढें असा एक फिल्टर जोडला कीं जो कोणताहि स्वर कमी-अधिक न करतां केवळ त्यांच्या वेळा विस्कटून टाकतो. कानास नैसर्गिक वाटावयाचें तर सेकंदास सुमारें एक हजार प्रतिध्वनि हवेत, असा त्यांचा अंदाज होता. त्या काळचा संगणक मात्र हें गणित ऐकतां-ऐकतां करूं शकत नसे. आंकडे आंत द्यावयाचे आणि गणना पुरी होऊन आवाज तयार होईपर्यंत वाट पाहावयाची. घुमट सिद्ध झाला होता खरा, पण तो कागदावर.

तो प्रत्यक्षांत येण्यास दहा-पंधरा वर्षें लागलीं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक फ्रान्सिस ली यांनीं हृदयाचे ठोके तपासण्याच्या कामासाठीं आंकड्यांत विलंब करणारें एक उपकरण तयार केलें होतें. त्यांतून ध्वनि सोडून पाहावा असें त्यांचे सहकारी बॅरी ब्लेसर यांनीं सुचविलें, आणि त्यांतून १९७१ सालीं लेक्सिकन कंपनीचें पहिलें डिजिटल विलंबयंत्र निघालें. पुढें १९७६ सालीं याच ब्लेसर यांच्या गणितावर ई.एम.टी. कारखान्यानें पहिलें डिजिटल घुमारायंत्र विक्रीस आणलें, आणि १९७८ सालीं लेक्सिकननें डेव्हिड ग्रीझिंगर यांनीं रचलेलें आपलें यंत्र पुढें केलें. हीं यंत्रें हजारों डॉलर किमतीचीं. मोठ्या स्टुडिओंवांचून तीं कोणास परवडत नसत. १९८६ सालीं कीथ बार यांच्या अ‍ॅलेसिस कंपनीनें चारशें डॉलरच्या आंत मिळणारी एक लहानशी पेटी बाजारांत आणली, आणि सामान्य वादकाच्या घरींहि घुमारा आला. तींत त्रेसष्ट ठरीव जागा होत्या. वादकानें एक निवडावी. निवडलेल्या जागेची भिंत तसूभर सरकविण्याची मात्र सोय नव्हती.

ही स्वस्ताई एका परीनें वाद्याच्या मूळ कल्पनेच्या विरुद्ध दिशेची होती. बंद पेटीला व्होल्टेजची तार लावण्याचें भोंकच नव्हतें. याच सुमारास डिजिटल कीबोर्डांनीं बाजार व्यापला, आणि तारांच्या जंजाळाचे जुने संच अडगळींत पडले. मॉड्यूलर सिंथेसायझरची कथा येथेंच संपली असती तर त्यांत कोणास नवल वाटलें नसतें.

ती संपली नाहीं, याचें एक कारण म्युनिचजवळच्या डीटर डोप्फर यांचा छोटा कारखाना. त्यांनीं १९९५ सालीं मॉड्यूलांचा नवा संच काढला, आणि त्याचीं मापें लपवून ठेवलीं नाहींत: मॉड्यूलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदीचें एकक ५.०८ मिलिमीटर, वीज अधिक-उणे बारा व्होल्ट. या मापांत बसणारें मॉड्यूल कोणीहि बनवावें व कोणाच्याहि चौकटींत बसवावें. जात्याच्या खुंट्याचें माप एकच ठरलें म्हणजे गांवोगांवचे सुतार खुंटे करूं शकतात, तसेंच येथें झालें. युरोप, अमेरिका, जपान येथें दोन-चार माणसांचे कारखाने निघाले, आणि ‘युरोरॅक’ या नांवानें हें माप जगभर रूढ झालें.

या नव्या चौकटींत आंकड्यांचा घुमारा शिरला तो पुन्हां कीथ बार यांच्याच हातानें. अ‍ॅलेसिसमधून बाहेर पडल्यावर त्यांनीं स्पिन सेमिकंडक्टर या नांवानें एक चिप तयार केली. नखाएवढ्या या चिपमध्यें ध्वनि मोजण्याचें, साठविण्याचें, बेरजेचें आणि परत देण्याचें, असें सर्व काम होतें. एका कार्यक्रमांत १२८ आज्ञा बसतात, आणि स्मृतींत ३२,७६८ आंकडे मावतात. ही संख्या वाटते तितकी विचित्र नाहीं. क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळांतील स्फटिक सेकंदास इतकींच कंपनें करतो, आणि तोच स्वस्त स्फटिक या चिपला ठेका देतो. म्हणजे चिपची स्मृति बरोबर एका सेकंदाची. तेवढ्या सेकंदांत दिवाणखाना, सभामंडप आणि घुमट हे सर्व बसवावयाचे. शिवाय चिपच्या आज्ञांची भाषा उघड छापून दिलेली असल्यामुळें कोणीहि अभ्यासू माणूस तिच्यासाठीं स्वतःचा कार्यक्रम लिहूं शकत होता.

२०१० च्या सुमारास टिपटॉप ऑडिओ या कंपनीनें ही चिप युरोरॅकच्या मॉड्यूलमध्यें बसविली. कार्यक्रम लहान कार्डांवर वेगळे मिळत. कांहीं कार्डांवर प्रतिध्वनि, कांहींवर घुमारे, तर कांहींवर नुसते फिल्टर. परंतु खरी कल्पकता दुसऱ्याच गोष्टींत होती. घड्याळाच्या स्फटिकाचा ठराविक ठेका काढून त्या जागीं व्होल्टेजनें हलणारा ठेका दिला गेला. ठेका मंदावला कीं तोच एक सेकंद लांबतो, भिंती दूर सरतात, आवाज अंधुक होतो. ठेका जलद झाला कीं सभागृह आकसतें. बादल्यांच्या रांगेचा जुना गुण आंकड्यांनाहि लाभला. बंद पेटीला अखेर तारेचें भोंक मिळालें. त्याच साली, म्हणजे २०१० मध्यें, बार यांचें निधन झालें. परंतु त्यांची चिप त्यानंतरहि विकली जात राहिली.

याच मार्गानें अमेरिकेंतील अ‍ॅशव्हिल येथील मेक नॉइझ हा कारखाना आणखी पुढें गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेंतील प्राध्यापक टॉम अर्ब यांच्या सहकार्यानें त्यांनीं २०१४ सालीं ‘अर्ब-व्हर्ब’ हें घुमाऱ्याचें मॉड्यूल काढलें. त्यांत ठरीव जागा एकहि नाहीं. जागेचा आकार, तिच्या भिंतींचा मऊपणा, आवाज विरण्याचा काळ, हें प्रत्येक परिमाण बटणानें आणि व्होल्टेजनेंहि हलवितां येतें. आकार इतका लहान करतां येतो कीं जागा उरतच नाहीं. आवाज स्वतःशींच वाजूं लागतो आणि घुमाऱ्याचा फिल्टर होतो. प्रतिध्वनि आणि गाळणी मुळांत एकच आहेत, हें जें गणितांत कागदावर दिसत होतें, तें येथें एक बटण फिरवून कानानें ऐकतां येतें.

फिल्टरची गोष्ट मात्र इतकी सरळ झाली नाहीं. प्रतिध्वनि तत्काळ आंकड्यांच्या स्वाधीन झाला. शिडी मात्र पुष्कळ काळ अडून राहिली. हॅल चेंबरलिन यांनीं १९८० सालच्या आपल्या ग्रंथांत डिजिटल फिल्टरची सुटसुटीत रीत दिली होती, तरी मूग यांच्या शिडीची गोडी त्यांत उतरत नव्हती. याला कारणें दोन. तारेंतला परतीचा फेरा तत्काळ फिरतो. आंकड्यांत मात्र आतांचें उत्तर काढावयास आतांचेंच उत्तर लागतें, म्हणून मागच्या क्षणाचें उत्तर वापरावें लागतें. एवढ्याशा उशिरानें उंच स्वरांवर फिल्टर बेसूर होतो. दुसरें असें कीं ट्रान्झिस्टर अति जोराचा आवाज हळुवारपणें दाबून धरतो, आणि कानाला जी ऊब वाटते ती त्या दाबण्यांतच असते. साध्या बेरजेला हें दाबणें ठाऊक नसतें. शिवाय आंकड्यांना वेगाची मर्यादा आहे. सिनेमांत धांवत्या गाडीचें चाक कधीं-कधीं उलट फिरतांना दिसतें, तसे मर्यादेबाहेरचे स्वरांश उलटून खालीं येतात व आवाज कडवट करतात.

या प्रश्नावर टिम स्टिल्सन व जूलियस स्मिथ यांनीं १९९६ सालीं, आणि फिनलंडच्या आंट्टी हुओविलाइनेन यांनीं २००४ सालीं निबंध लिहिले. हुओविलाइनेन यांनीं शिडीच्या प्रत्येक पायरीचें तें हळुवार दाबणेंहि गणितांत आणलें. पुढें वादीम झाव्हालिशिन यांनीं परतीच्या फेऱ्याचें समीकरण तेथल्या तेथें सोडविण्याची रीत मांडली. पेटंटाच्या एका छोट्या आकृतींत जें मावलें होतें, तें आंकड्यांत समजून घेण्यास चाळीस वर्षें खर्चीं पडलीं. इतकें करूनहि युरोरॅकच्या चौकटींतून ट्रान्झिस्टरची शिडी हद्दपार झाली नाहीं. ती आंकड्यांच्या घुमाऱ्याशेजारींच वाजत असते, कारण तेथें एक ठेवण्यासाठीं दुसरें काढावें लागत नाहीं. आंकड्यांचे फिल्टर चमकले ते वेगळ्याच कामांत. विलंबाच्या लहानशा फेऱ्यांत दोन आंकड्यांची सरासरी काढीत राहिलें, तर छेडलेल्या तारेचा आवाज हुबेहूब निघतो, असें केविन कार्प्लस व अलेक्झांडर स्ट्राँग यांनीं १९८३ सालीं दाखवून दिलें होतें. ट्रान्झिस्टरला जें साधलें नव्हतें, तें थोड्या स्मृतीला साधलें.

या इतिहासाचें शेवटलें प्रकरण पॅरिसमधील. तेथें एमिली जिले यांचा ‘म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स’ हा छोटा कारखाना होता. त्यांनीं २०१४ सालीं ‘क्लाउड्स’ म्हणजे ‘मेघ’ या नांवाचें मॉड्यूल काढलें. तें आलेला आवाज स्मृतींत टिपतें आणि त्याचे बारीक कण करून पुन्हां विखरतें. ध्वनीचे असे कण कल्पितां येतात ही सूचना डेनिस गाबोर यांनीं १९४६-४७ सालींच केली होती. संगणकावर त्यांचे संगीत रचण्याचे प्रयोग कर्टिस रोड्स यांनीं १९७४ च्या सुमारास केले. ‘मेघ’ मध्यें तें सर्व बोटभर रुंदीच्या दोन-चार बटणांखालीं आलें, आणि प्रत्येक बटणापाशीं व्होल्टेजची तार. उत्तम प्रतीच्या ध्वनींत त्याची स्मृतिहि एका सेकंदाचीच. त्या एका सेकंदावर जगांतील असंख्य वादकांनीं तासन्‌तासांचें संगीत उभारलें.

जिले यांनीं केलेली अधिक महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांनीं आपल्या मॉड्यूलांचा संपूर्ण कार्यक्रम व विद्युत्-आकृत्या सर्वांस खुल्या केल्या. हें औदार्य कां मोलाचें, हें जुन्या-नव्या यंत्रांची तुलना केली असतां कळतें. १९७० सालची शिडी बिघडली तर चांगला कारागीर तिचे ट्रान्झिस्टर व कंडेन्सर तपासून ती पुन्हां गाती करूं शकतो. कारण तिचें सर्व ज्ञान तिच्या अंगावर उघडें असतें. डिजिटल मॉड्यूल उघडून पाहिलें तर आंत एक काळी चिप दिसते, आणि तेवढ्यावरून कांहींच कळत नाहीं. वाद्य म्हणजे तेथें चिपमधील लिखाण. तें लिखाण लिहिणाऱ्याबरोबर गेलें, तर उरते ती निर्जीव पट्टी. सतारीचा कारागीर गेला तरी सतार पाहून दुसरा कारागीर सतार करतो. आंकड्यांच्या वाद्याला ही सोय आपोआप लाभत नाहीं, ती कोणीतरी हेतुपुरस्सर करून ठेवावी लागते.

२०२२ सालीं म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स हा कारखाना बंद झाला. परंतु ‘मेघ’ बंद पडला नाहीं. त्याच्या खुल्या आकृत्यांवरून इतर कारागिरांनीं लहान-मोठीं मॉड्यूलें बनविलीं आहेत, इतर गणितज्ञांनीं त्याच्या कार्यक्रमांत नव्या वाटा जोडल्या आहेत, आणि ज्यांनीं मूळ यंत्र कधीं पाहिलेंहि नाहीं, ते त्याचें लिखाण वाचून ही विद्या शिकत आहेत. मूग यांची शिडी पेटंटची मुदत सरल्यावर सर्वांची झाली. हा मेघ मात्र त्याच्या कर्त्यांनींच सर्वांसाठीं खुला केला.

गोलघुमट ज्या कारागिरांनीं उभारला त्यांचें गणित आज कोणापाशीं लिहिलेलें नाहीं. तरी घुमट उभा आहे म्हणून त्यांची विद्या टाळीसरशीं बोलते. आंकड्यांचे घुमट वीज बंद होतांच नाहींसे होतात. त्यांच्या बाबतींत टिकाऊ दगड एकच, आणि तो म्हणजे दुसऱ्यास वाचतां येईल असें ठेवलेलें लिखाण. एका सेकंदाच्या स्मृतींत सभागृह बसविण्याचें कौशल्य मोठें खरें. तें कौशल्य पुढच्या पिढीच्या हातीं पोंचेल अशी व्यवस्था करणें, हें त्याहून मोठें काम आहे.